डिशच्या आड आलेली फांदी

सालेकसा तालुक्यातल्या आमच्या जंगलगावात मोबाईलला रेंज नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या छतावर उपग्रहाची डिश बसवली. मी, रत्नपाल, तिथला ऑपरेटर. शहरातून आलेल्या साहेबानं फाल्गुनात आकाश मोजलं, 'आड काही नाही' असं कागदावर लिहिलं आणि कोंबडी खाऊन गेला. फाल्गुनात शेजारचं मोहाचं झाड बोडकं असतं, हे गावातल्या शेळीलाही ठाऊक आहे. पण साहेबाला सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

वैशाखात पालवी फुटली आणि इंटरनेट गेलं. मी सालेकशाला जाऊन तक्रार केली. तक्रार मिटल्याचा मेसेज आला, तोही पुढच्या खेपेला सालेकशाला गेल्यावरच दिसला.

झाड रुख्माबाईंच्या घराण्याचं. त्यांच्यात मोहाला देव मानतात, कुऱ्हाड लावत नाहीत. फांदी छाटू द्या, असं मी दोनदा विनवलं. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हटलं.

मग एका दुपारी सव्वाचारला एसटीच्या कंडक्टरनं सालेकशाच्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराची चिठ्ठी आणली. रुख्माबाईंच्या नातीचं, प्राचीचं, नाव नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. कॉलेज कोल्हापूरचं. पाचपर्यंत ऑनलाइन होकार दिला नाही, तर सीट दुसऱ्याला. सालेकसा तासाभराच्या वाटेवर. प्राची पळत पंचायतीत आली आणि कोऱ्या स्क्रीनसमोर बसून रडायला लागली. माझं डोकं फिरलं. मी तडक म्हातारीच्या अंगणात गेलो.

"आजी, देव मोठा का पोरगी?"

"कोल्हापूर कोठी आहे?"

"गोंदियाहून गाडी जाते. जेथी संपते, तेथी."

त्यांनी मोहाकडं पाहिलं. "बाबू, देव तं कवाच हो म्हनला असता. मीच नाई इचारलं. नेट आलं का पोरगी जाते, हे मले मालूम होतं."

मला माझीच लाज वाटली.

चार चाळीसला त्या तांदूळ, हळद आणि कुऱ्हाड घेऊन झाडाखाली उभ्या राहिल्या. देवाची परवानगी घ्यायला बारा मिनिटं लागली. घड्याळ फक्त मी बघत होतो. विचारून झाल्यावर कुऱ्हाड त्यांनी माझ्याच हातात दिली.

"तू बौद्ध. तुले देव काई नाई म्हनत. चढ."

चार सत्तावन्नला हिरवा दिवा लागला. प्राचीनं होकार दिला. आजी कुऱ्हाड उचलून घरी निघून गेल्या.

आता रविवारी दुपारी त्या पंचायतीत येतात आणि व्हिडिओवर नातीला बघतात. पोरगी वाळली म्हणतात, दर रविवारी तेच. काल मात्र खुर्चीवर बसल्याच नाहीत. पदराखालून कुऱ्हाड काढून टेबलावर ठेवली.

"त्या फांदीले पालवी फुटून राहिली, बाबू."

"देवाले इचारलं का?"

"येता येता इचारलं," त्या म्हणाल्या. "तू चढ लवकर. पोरगी वाट पाहून राहिली."