त्रिकालनाथांची आज्ञाधारक पेटी

“ब्रह्मांड में अकस्मात कुछ नहीं होता!” बाबा त्रिकालनाथ गरजले, आणि अकस्मात माइक बंद पडला.

महानगरातल्या त्या मंडपातले चारशे भक्त तरीही भारावलेलेच राहिले. विनय नावाच्या शिष्यानं दर्शनाचा नंबर काढणाऱ्या पेटीचा प्लग उपसून तिला ‘मौन’ दिलं, मग पुन्हा लावला.

“आज पाँच प्रणाम!” बाबांनी डोळे मिटले. “इकसठ!”

विनयनं पाच वेळा कळ दाबली. पाचव्यांदा उमटलं: ६१. जयजयकार झाला.

मागच्या खुर्चीत धनंजय अंग चोरून बसला होता. पेटी त्यानंच बनवली होती. दर्शनाला वशिला चालू नये म्हणून थोरल्या बहिणीनं, सुहासिनीताईनं मागितली होती. “कोणता आकडा येईल ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही,” अशी हमी त्यानं छातीठोकपणे दिली होती. खोट त्याला महिन्यापूर्वीच कळली. पण संशोधक म्हणून मिरवणाऱ्यानं चूक कबूल कशी करायची? तो गप्प राहिला.

आणि आता शेजारी प्रसादाच्या बुंदीचं ताट समोर घेऊन बसलेल्या ताईनं चार दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं.

“धनू, बाबा म्हणाले, सुया फेकून दे. निर्जीव पेटी त्यांचं ऐकते, माझं स्वादुपिंड नाही ऐकणार?”

“ताई, ती पेटी कुणाचंही ऐकते गं.”

तो उठून पुढे गेला. प्लग काढला, लावला, पाच वेळा कळ दाबली. ६१.

“वैज्ञानिक जी पर भी हमारी कृपा!” बाबा हसले.

धनंजयनं दारातल्या चाटवाल्याला बोलावलं. त्यानं हात पुसून तेच केलं. ६१.

“इन पर भी?” कुणीतरी विचारलं. मंडपात खसखस पिकली.

मग धनंजयनं हात जोडून सगळं सांगितलं. संगणकाला आकडा मनानं सुचत नाही. कळफलकाची टकटक, डिस्कची खडखड, अशा गडबडीतून तो अनिश्चितता वेचतो. या पेटीला कळफलक नाही, डिस्क नाही, वेळ लक्षात ठेवणारं घड्याळही नाही. जागी होताना तिच्या गाठीला काहीच नसतं, म्हणून दर वेळी तीच आकड्यांची माळ. चालू असताना थोडी गडबड पुढच्या खेपेसाठी जपून ठेव, एवढं तिला शिकवायचं तो विसरला होता. प्रयोगशाळेत पेटी कधी बंदच केली नव्हती ना! विनयच्या वहीत माळ उतरवलेली होती. प्रणाम किती, एवढंच बाबा ठरवत.

“चमत्कार नाही, माझी चूक आहे. पेटी तपासा, बाबांना तपासा, मलाही तपासा. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका.”

ताईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. “महिनाभर ठाऊक होतं तुला?”

“हो. ताई, मला माफ—”

“माफी नंतर माग. आधी हे बुंदीचं ताट माझ्यासमोरून उचल.”