इस्पिकची चव्वी

रविवारी सकाळी राघोत्तमराव उठले तेव्हा दुधाच्या पिशव्या दाराच्या कडीला लटकत होत्या. त्यांनी एक पिशवी कापून दूध तापत ठेवलं. पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात कॉफीची पूड घालून ती चकतीनं हलकेच दाबली, वर उकळतं पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. डिकॉक्शन थेंबाथेंबानं उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात त्यांनी पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. खाली टी. नगरच्या गल्लीत पाण्याची लॉरी आली होती, आणि रंगीत घागरींची रांग लागल्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"सेतूरावांस सांभाळून घेऊन जा," त्यांची बायको अलमेलू कॉफीचा पेला वाटीसारख्या डबऱ्यात पुढं ठेवत म्हणाली. "काल संध्याकाळी आले, कॉफी प्याले, गेले. थोड्या वेळानं परत आले, कॉफीस."

"मग?"

"मग काय? दिली. नको म्हणूं काय त्यांस?"

राघोत्तमराव हसले, पण डबरा त्यांनी जरा जोरातच खाली ठेवला.

सेतुमाधवराव पलीकडच्या गल्लीत राहत. दोघांची घराणी तंजावरची. दोघे मद्रासला नोकरीला आले ते एकाच सुमारास, एक रेल्वेच्या हिशेबखात्यात, दुसरा कॉलेजात गणित शिकवायला. एग्मोरच्या क्लबात ते ब्रिज खेळू लागले आणि तेव्हापासून दोघांनीही दुसरा जोडीदार घेतला नाही. क्लबच्या वार्षिक चषकावर मात्र त्यांची नावं कधी कोरली गेली नाहीत. दुसरा नंबर आला, तिसरा आला, पहिला राहिलाच. आणि आता सेतुमाधवराव मुलीकडं, पेरुंगुडीला राहायला चालले होते. घर रिकामं झालं होतं. संध्याकाळी ती मुलगी, हरिप्रिया, क्लबवरूनच त्यांना घेऊन जाणार होती. तिथून एग्मोरला खेळायला येणं आता त्यांच्यानं होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बसमध्ये सेतुमाधवराव खिडकीशी बसले. "रघू, आज चषक आणूं," ते म्हणाले. "हरीच्या घरीं काचेचं कपाट आहे. रिकामंच पडूलालं आहे."

"आणूं की."

एग्मोरचा स्टॉप आला. क्लबच्या पायरीवर पाय ठेवताच दोघेही बोलायचे थांबले. ही त्यांची जुनी रीत होती. फार वर्षांपूर्वी एका हरलेल्या खेळाडूनं टोमणा मारला होता, की या दोन रावांना पत्ते कशाला हवेत, त्यांच्या घरच्या भाषेत सगळं सांगून होतं. तरुण सेतुमाधव तेव्हा उभा राहिला होता. "आजपासून या छपराखाली आम्ही दोघं मराठीत एक शब्द बोलणार नाही," असं त्यानं सगळ्यांसमोर तमिळमध्ये सांगितलं. तेव्हापासून तिथं पाणीसुद्धा ते एकमेकांकडं तमिळमध्येच मागत. नव्या लोकांना ही गोष्ट माहीतही नव्हती. रीत मात्र चालूच होती.

दुपारपर्यंत खेळ चांगला झाला. सेतुमाधवराव दोनदा आपली पाळी विसरले, पण पत्ते त्यांना अजून ओळखत होते. भिंतीवरच्या तक्त्यात त्यांची जोडी पहिली होती आणि कनकामामी व मुरली यांची दुसरी. शेवटच्या फेरीत तेच दोघे समोर आले. शेवटचा डाव वाटला गेला.

कनकामामींनी समोरच्या पेटीतून बोलीचं कार्ड काढून ठेवलं, एक नो ट्रम्प. राघोत्तमरावांनी पास दिला. मुरलीनं सरळ तीन नो ट्रम्प ठेवलं. म्हणजे कुठलाही रंग हुकूम न धरता त्या जोडीनं तेरांपैकी नऊ हात करायचे होते. ते अडले तर चषक रावांचा, झाले तर त्यांचा.

आता बोली सेतुमाधवरावांची होती. त्यांचा हात पेटीवर गेला आणि तिथंच राहिला. बोटं लाल कार्डापाशी, डबलपाशी, गेली आणि मागं आली. अशा वेळी डबलचा अर्थ दोघांत पूर्वीच ठरलेला होता: तुझा रंग सोड, माझा शोध. ते विरुद्ध बाजूलाही माहीत असे, म्हणून ते रीतसर होतं. लाल कार्ड काही निघालं नाही. बराच वेळ गेल्यावर त्यांनी हिरवा पास ठेवला आणि मान खाली घालून, स्वतःशीच बोलावं तसं, ते मराठीत पुटपुटले, "बदाम सगळे मजकडंच की."

"एन्ना सार?" मुरलीनं विचारलं.

"नथिंग, नथिंग."

"पिळ्ळैयार गणपतीला नवस बोलत असतील," कनकामामी तमिळमध्ये म्हणाल्या. "माझाही एक बोला हो, सार. नारळ मी देते." मुरली हसला. सेतुमाधवरावही हसले.

आणखी दोन पास पडले. पहिली उतारी राघोत्तमरावांची होती.

त्यांच्या हातात इस्पिकची पाच पानं होती, राणी, दश्शी, सत्ती, चव्वी, दुर्री. बदामाची दोनच होती, अठ्ठी आणि तिर्री. कानावर काही आलं नसतं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. लांब रंगातलं चौथं पान, इस्पिकची चव्वी. आता मात्र बदामाची अठ्ठी त्यांच्या बोटाखाली वेगळी लागत होती. ती टाकली असती तर कोणी का म्हणून विचारलं नसतं. या खोलीत मराठी कळणारं तिसरं माणूस नव्हतं. ती चाल नुसती सुचली, असं म्हणता आलं असतं. ब्रिजमध्ये माणसाला काहीही सुचतं.

त्यांनी समोर पाहिलं. सेतुमाधवराव पत्ते छातीशी धरून आतुरतेनं त्यांच्या हाताकडं बघत होते. आपण काय बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं. पंचांना बोलावून सांगावं, तर शेवटच्या दिवशी या टेबलावर त्यांना मान खाली घालावी लागली असती. अठ्ठी टाकावी, तर त्या टोमण्याला ताडकन उभा राहिलेला मुलगा खोटा ठरला असता. जोडीदार म्हणून राघोत्तमरावांना तो मुलगाच मिळाला होता, आणि त्याचा शब्द राखायला आता त्यांच्याखेरीज कोणी नव्हतं.

त्यांनी इस्पिकची चव्वी काढून टेबलावर ठेवली.

मुरलीनं आपली पानं उघडी मांडली; त्यांत बदामाची तीन किरकोळ होती. पहिला हात कनकामामींनी इस्पिकच्या गुलामानं घेतला. मग त्यांनी इस्पिक, चौकट, किलवर यांचे हात एकामागून एक काढले. नऊ झाल्यावर त्यांनी उरलेली पानं खाली ठेवली. "बाकीचे तुमचे," त्या म्हणाल्या. सेतुमाधवरावांनी बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम ओळीनं मांडले.

"अय्यो," कनकामामी कपाळाला हात लावत म्हणाल्या. "बदाम आला असता तर मी मेलेच होते!"

टाळ्या झाल्या, वडे-कॉफी झाली. पायऱ्या उतरून फाटकाबाहेर आल्यावर सेतुमाधवराव एकदम मराठीत सुरू झाले.

"इस्पिक काढलास कसा रे, रघू? मी डबल केलं होतं ना!"

राघोत्तमराव थांबले. सेतुमाधवरावांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. लाल कार्ड त्यांनी मनात टेबलावर ठेवलं होतं आणि ते तिथंच राहिलं होतं.

"वेंधळा तो वेंधळाच," सेतुमाधवराव म्हणाले. "डोळे तपासून घे."

तेवढ्यात हरिप्रियाची गाडी कडेला येऊन लागली. मागच्या सीटवर उशा आणि खोकी रचलेली होती. तिनं उतरून वडिलांसाठी पुढचं दार उघडलं. "काय झालं, अप्पा? जिंकला काय?"

"ह्यास विचार. मी डबल केलं, तरी हा इस्पिक खेळला."

हरिप्रियानं राघोत्तमरावांकडं पाहिलं. गेल्या काही महिन्यांत वडिलांच्या प्रत्येक वाक्यानंतर ती असंच कोणाकडं तरी बघू लागली होती.

"खरंच केलं होतं, रघूकाका?"

"केलं होतं," राघोत्तमराव म्हणाले. "मीच पाहिलं नाही."

सेतुमाधवराव समाधानानं आत बसले. त्यांच्या पंच्याचं टोक बाहेर राहिलं होतं. राघोत्तमरावांनी ते आत सरकवलं आणि दार हळूच लावलं.