शेवटच्या रेघेतली लाट

एकोणतीस अक्षरांची एक लिपी होती आणि तिच्यातलं सगळं शिल्लक साहित्य म्हणजे लोकांच्या कमरांची मापं. शिंप्यांची लिपी ती. मापं टिपायची आणि गिऱ्हाईक समोर उभं असतानाच त्याच्या पोटाबद्दल खरं मत नोंदवून ठेवायचं, त्याला कळू न देता. लिपीचा इतका सभ्य उपयोग फार थोड्यांना सुचला असेल.

ती कॉम्प्युटरवर यावी म्हणून शिंप्याची मुलगी दोन वर्षं झटत होती. ती टाइप, म्हणजे छापायच्या अक्षरांचे आकार बनवायची, म्हणून बाबा तिला टाइपवाली म्हणत. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. अक्षराला जगभर मान्य असा आकडा मिळाला तर ते फोनवर उमटतं, नाहीतर तिथे रिकामा चौकोन बसतो. आकडे वाटणाऱ्या विद्वानांच्या समितीला वापराचे पुरावे लागत. टाइपवालीने बाबांच्या शेवटच्या वहीतल्या चाळीस कमरा पाठवल्या.

नमुन्याची अक्षरं बाबांनीच लिहून दिली होती, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, तिच्या टेबलाशी बसून. प्रत्येक अक्षराच्या शेवटच्या रेघेत एक नाजूक लाट होती. टाइपवालीला लिपी येत नव्हती. लहानपणी बाबा शिकवायला बसले की ‘उपयोग काय?’ म्हणून ती पळायची. तिने लाट इमानेइतबारे गिरवली, वर ‘ही बहुधा पाण्याची खूण असावी’ असं अर्धं पान खरडलं. शिंप्यांचा पाण्याशी काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. उलट एका विद्वानाने लाटेचं खास कौतुक कळवलं. तोवर बाबा गेले होते, त्यामुळे त्यांचं हसायचं राहून गेलं.

आकडे मंजूर झाले. आकार सुधारायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. गुरुवारी दुपारी आत्या आली. ही लिपी येणारी आता तीच एकटी उरली होती. चष्मा लावून ती स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिली.

“चुकलंय का काही?”

“आपण असं नाही लिहीत गं. हा दादाचा हात कापतोय.”

आत्याने पिशवीतून दुकानाची तीस वर्षांपूर्वीची वही काढली. रेघा सरळ, कात्रीने कापल्यासारख्या.

टाइपवालीला आठवलं, लिहिताना बाबा म्हणाले होते की टेबल डुगडुगतंय. तिने एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक. “आता बरं आहे,” बाबा म्हणाले होते आणि दुसरा हात मनगटावर दाबून लिहीत राहिले होते.

“राहू दे तशीच,” आत्या म्हणाली. “एवढं कोण बघतंय?”

हेच वाक्य गिऱ्हाइकं अस्तराच्या आतल्या वाकड्या शिवणीबद्दल बोलत. बाबा मान डोलवत आणि शिवण उसवायला घेत.

“बाबांनी उसवली असती,” टाइपवाली म्हणाली.

वही शेजारी ठेवून तिने एकोणतीस अक्षरांतून लाट उसवली, एकेक बिंदू पुसत. मधेच आत्या चष्मा पुसायला म्हणून उठली, ती फार वेळ पुसत राहिली. मग टाइपवालीने समितीला लिहिलं: ‘सुधारित आकार सोबत आहेत. ती लाट पाण्याची नव्हती, माझ्या वडिलांची होती. काढली आहे.’

पाठवून झाल्यावर तिने वाकून टेबलाच्या पायाखालचे दोन्ही पुठ्ठे ओढून काढले. मग टेबल चारी कोपऱ्यांवर दाबून पाहिलं.

ते जराही हललं नाही.