तक्रार करणारे गेले कुठे?

हल्ली आपल्या सगळ्यांनाच एक खोड लागली आहे, मंडळी. साधा कुकर घ्यायचा तरी आधी मोबाइल काढायचा आणि चार अनोळखी माणसांनी काय लिहिलंय ते वाचायचं! मंगरूळपीरच्या बाजारात कस्तुरचंद शेठजींचं भांड्यांचं दुकान आहे. समोरचा गंज, म्हणजे पातेलं, हातात घेऊन बघायचं सोडून गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहतं आणि शेठजी मनातल्या मनात चरफडतात. त्यांचा नातू संयम मात्र या खोडीचा मोठा भक्त. "मी इचारल्याशिवाय काहीच करत नाई," हे त्याचं पालुपद.

म्हणून ऑनलाइन कॅसिनो खेळायचं डोक्यात आलं, तेव्हाही गड्यानं ते विचारूनच केलं! पैशाच्या अशा खेळांवर बंदी आली तरी नवनव्या नावांची ॲप निघतच राहतात. त्यातलं बुडवं कोणतं आणि इमानदार कोणतं, हे सांगणारा खेळाडूंचाच एक ग्रुप त्याला सापडला. लोक तिथं आपापले अनुभव टाकत. अमक्याचे पैसे लगेच मिळतात, तमक्याची माणसं फोनवर गोड बोलतात. एका ॲपबद्दल तर सगळेच खूश होते, नावालाही कुरकुर नव्हती. संयमनं तेच निवडलं. आपण आंधळेपणानं नाही, पारखून खेळतोय, असं त्याला वाटलं. घरात मात्र त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

आधी थोडा हरला, मग बरंच जिंकला. जिंकलेले पैसे काढायला गेला तर ते अडकले. तपासणी चालू आहे, एवढंच उत्तर मिळे. त्यानं ग्रुप चालवणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दादा, एक छोटासा व्हिडिओ टाका ना. पैसे तासाभरात मिळाले म्हणा. दुकान आहे ना तुमचं, तिथंच बसून करा, लोकांचा भरवसा बसतो. तुमचं काम लगेच होऊन जाईल."

पैसे तर आलेच नव्हते! पण येणारच आहेत ना, मग आधी बोललं काय आणि मागून बोललं काय, अशी संयमनं स्वतःची समजूत घातली. शेठजी जेवायला गेलेले पाहून तो त्यांच्या गादीवर बसला. मागची घराण्याच्या नावाची पाटी दिसेल असा मोबाइल धरला हसत हसत खोटं बोलला आणि व्हिडिओ ग्रुपमध्ये टाकला. लगेच पैसे खरोखरच जमा झाले. मग त्यानं ॲप काढून टाकलं, कानाला खडा लावला आणि सुटलो बुवा म्हणून विषय संपवला. लाज तेव्हाच वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

भाद्रपदात संवत्सरी आली. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागायचा जैनांचा हा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी काठी टेकत घरोघर हात जोडून आले. संयमनं 'मिच्छामि दुक्कडम्' लिहिलेलं एक रंगीत चित्र मोबाइलमधल्या साऱ्या नंबरांना पाठवलं, गिऱ्हाइकांनासुद्धा, आणि तो निवांत चहा प्यायला बसला.

दुपारी इंझोरीची चंदा दुकानात आली. ब्लाउज शिवणारी ही मुलगी. तिची आई गोमतीबाई हिच्या लग्नातली भांडीसुद्धा याच दुकानातली. शेठजींना नमस्कार करून चंदा संयमकडे वळली.

"संयमभाऊ, तुमचा माफीचा मेसेज भेटला. मले त हसूच आलं. तुमी काहून माफी मागता? तुमी त आमचं कधी वाईट केलं नाई."

"रीत असते ती आमची," संयम हसून म्हणाला.

"मी दुसऱ्याच कामानं आली. तुमी व्हिडिओत सांगतलं न, पैसे तासाभरात भेटले म्हून? मंग माये पैसे काहून अटकले?"

संयमच्या तोंडचं पाणी पळालं. चंदा आपली भाबडेपणानं सांगतच राहिली. ग्रुप तिनंही वाचला होता, पण मन धजत नव्हतं. "मंग तुमचा व्हिडिओ पाह्यला. मायले म्हटलं, हे त आपल्या शेठजीचं दुकान! इथले लोकं खोटं कायले बोलतीन? शिलाई मशीनसाठी जमवलेले सारे पैसे टाकले, भाऊ. आता ते म्हणून राह्यले, आधी चांगलं लिहा, मंग सोडतो. पन पैसे भेटलेच नाई, त भेटले म्हून कसं लिहू? मी लिहिलेलं वाचून आखीन कोनी पैसे टाकले त? तुमचे खरंच भेटले होते, म्हून तुमाले इचाराले आली."

अरेरे! हीच अट संयमलाही घातली गेली होती. पाण्यात पडलेले पैसे डोळ्यांपुढं असताना जे करायला ही मुलगी कचरत होती, ते त्यानं हसत केलं होतं. अजूनही एक पळवाट होती. 'थांब, येतील' एवढं म्हटलं की झालं. तो तोंड उघडणार, एवढ्यात गादीवरून आवाज आला.

"कोनता व्हिडिओ?"

चंदानं दाखवला. शेठजींनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला. आपली गादी पाहिली, आपली पाटी पाहिली, नातवाचं हसरं तोंड पाहिलं.

"संयम, आले होते पैसे तासाभरात?"

"नाई, दादाजी," संयम म्हणाला. "हे बोललो तवा आलेच नव्हते. हे बोललो म्हून आले."

चंदानं शेठजींच्या हातून आपला मोबाइल परत घेतला. संयमला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शरमेनं त्याची मान वर होईना.

"पन दादाजी, मी सगळ्याइचे अनुभव वाचूनच..." तो पुटपुटला. "सगळे चांगलंच सांगून राह्यले होते."

"तेच त!" शेठजी कडाडले. "अरे, ह्या दुकानात गळका गंज घेऊन मानूस येते अन् भर बाजारात मले बोलते. मले राग येते, पन त्याचं तोंड मी बंद करू शकत नाई. म्हून ह्या पाटीवर लोकाइचा भरवसा हाय. जिथं एकही तक्रार नाई, तिथं तू इचारलं काहून नाई, का तक्रार करनारे गेले कुठं? अन् ज्याचा धंदाच लोकं हरल्यावर चालते, त्याच्यातला इमानदार शोधत होता तू?"

संयमनं तिथंच मोबाइल काढला. या वेळी गादीवर बसला नाही, चंदाच्या समोर उभा राहिला. "मी मंगरूळपीरचा संयम. पैसे तासाभरात भेटले, हे मी खोटं बोललो होतो. खोटं बोला, मंगच पैसे सोडू, असं मले सांगितलं होतं. कोनी पैसे टाकू नका!" एवढं बोलून त्यानं व्हिडिओ ग्रुपमध्ये टाकला.

पापणी लवते न लवते तोच व्हिडिओ गायब! आणि पाठोपाठ संयमही ग्रुपबाहेर!

"पाह्यलं?" शेठजी थकल्या आवाजात म्हणाले. "असे जातात तक्रार करनारे."

संध्याकाळच्या बसनं तो चंदासोबत इंझोरीला गेला. गोमतीबाईंपुढं त्यानं सारं कबूल केलं आणि जिंकलेले पैसे समोर ठेवले.

"हे कोनाचे?" गोमतीबाईंनी विचारलं. "कोन्यातरी हरलेल्या लेकराचेच न? उचल बापा ते. दुसऱ्याच्या घरचं रडनं मले नोको. चंदा मशीनचे पैसे पुन्हा जमवून घेईन. तुले काही कराचंच असन, त उद्या तिच्यासंग वाशीमले पोलिसात चल, अन् आधी तुयं नाव सांग."

माफीचं चित्र पाठवणं सोपं होतं, हे अवघड होतं. कस्तुरचंदचा नातू पोलिसात गेला, ही बातमी बाजारात पसरायला कितीसा वेळ लागणार! तरी दुसऱ्या दिवशी तो चंदासोबत वाशीमला गेला.

"तुमचा या प्रकरणाशी संबंध काय?" तक्रार घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"ह्याइले फसवनाऱ्यात मीबी होतो," संयम म्हणाला. त्यानं पैशांसकट सारं सांगितलं, काही झाकलं नाही.

चंदा बाकावर जरा सरकली. "उभे कायले राह्यले भाऊ, बसा," ती म्हणाली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि संयमनंही विचारलं नाही.

मंडळी, चंदाचे पैसे परत मिळतील की नाही, कोण सांगणार? पण आपण एवढं तरी शिकूया. जुगारात इमानदार अड्डा शोधू नका, तो नसतोच. जिथं सगळेच खूश दिसतात, तिथं नाखुशांना कुणी हाकललं ते आधी विचारा. आणि आपण स्वतः कुणाबद्दल चांगला शब्द टाकू, तेव्हा ध्यानात ठेवा, कुठंतरी एखादी चंदा केवळ आपलं नाव पाहून त्यावर विश्वास ठेवणार आहे!