पाचव्या पट्टीचा सूर

वाद्यदुरुस्ती करणाऱ्या त्या कारागिराचा कान इतका तिखट, की पाहुण्याने बशीत चमचा ठेवला तरी ह्याच्या कपाळाला आठी. आणि नेमकी त्याच्याच बायकोला मनःशांती सापडली ती नातवाने टाकून दिलेल्या खेळण्यात. आठ लोखंडी पट्ट्या, वर मारायला लाकडी हातोडी.

लेक दूर राहायला गेल्यापासून तिच्या डोक्यात विचारांची चक्की चालू असायची. दुपारची जेवणं आटोपली की ती खिडकीशी बसून मनाला येईल तसं वाजवायची. ना गाणं, ना ताल. पाचवी पट्टी जराशी उतरलेली, आणि हात हटकून तिथेच जायचा. खाली दुकानात कारागिराच्या दातांतून कळ जायची.

"अगं, निदान ती पाचवी तरी सोड!"

"तिच्यापाशीच तर डोकं रिकामं होतं. मला कुठे मैफल गाजवायचीय?"

एकदा ती बहिणीकडे गेली तशी ह्याने संधी साधली. पट्टीच्या टोकाला कानस मारली आणि सूर चोख लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर तिने चार ठोके दिले आणि हातोडी खाली ठेवली. "काय केलंत ह्याला?"

"सुरात लावलं."

"आता गाणं व्हायला बघतंय हो ते. गाणं म्हटलं की चुका आल्याच."

तिने वाजवणं सोडलं. मग रिकामं न होणारं डोकं नवऱ्यावर रिकामं होऊ लागलं: शर्टाचं बटण, तुंबलेली मोरी, त्याचं घोरणं. शेवटी त्याने मुकाट्याने खेळणं दुकानात नेलं. जन्मभर बिघडलेलं नीट केलं, नीट झालेलं बिघडवायला कितीसा वेळ! पट्टीच्या मधोमध कानस मारून त्याने सूर उतरवला.

तिने ऐकलं, मान हलवली. "बेसूर आहे. पण आपलं बेसूर नाही हे."

तो ईर्ष्येला पेटला. पाचवीच्या मापाच्या नव्या पट्ट्या कापल्या. ठोका, कान, कानस, पुन्हा ठोका. लोकांची वाद्यं भिंतीला टांगलेलीच राहिली.

एके दुपारी ती खाली आली. "अहो, गिऱ्हाईक खाकरून खाकरून परत गेलं. कसला एवढा विचार चाललाय?"

त्याने आठवून पाहिलं. "कसलाच नाही," तो चकित होऊन म्हणाला.

तिने स्टूल ओढलं. "मग झालं की तुमचं. सरका आता, मला बसू द्या."

"थांब गं, आत्ता कुठे लागलंय!" तो म्हणाला, आणि हातोडी काही सोडेना.