लिंपायची राहिलेली वीत

खोपी म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा. पण मी बोलायला लागले की मध्येच उठून जाऊ नका, कारण मी ऐऱ्यागैऱ्या गवताचा आडोसा नव्हे. मी सारंगखेड्याच्या यात्रेतली बांबूची खोपी. विटांची धर्मशाळा आणि कापडाची राहुटी दोन्ही समोर उभ्या असताना कळसाडीच्या एका सुनेनं मला पसंत केलं होतं. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी ती आठवली की माझा कूड अजून ताठ होतो.

माझा जन्म सातपुड्यातला. दिवाल्या पावऱ्यानं डोंगरातून बांबू तोडून आणला आणि चिरून त्याच्या कामट्या केल्या. त्याची बायको रूपलीबाई अंगणात मांडी घालून त्या विणत बसली. चार ताट्या झाल्या, वर गवताचं छप्पर आलं, बांधायला पळसाच्या मुळांचे दोर. खिळा म्हणाल तर एकही नाही. रूपलीबाईचं विणकाम असं, की आत बसलेल्याला बाहेरचं सगळं दिसे आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नसे. हा माझा मोठा गुण. तो मला कुणी शिकवला नाही, तिच्या बोटांतूनच तो माझ्यात आला.

मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरायची. त्याआधी दिवाल्या मला गाड्यात रचून खाली तापीकाठी आणी आणि घोडेबाजाराच्या कडेला उभी करी. यात्रा संपली की दोर सोडायचे, ताट्या एकावर एक ठेवायच्या आणि पुन्हा डोंगर चढायचा. अशी फिरती असले तरी मी कधी वाकडी उभी राहिले नाही.

यात्रा म्हणजे नुसतं दर्शन थोडंच असतं? पाळणे गरगरत, तमाशाचे तंबू पडत, भज्यांच्या कढया उकळत, आणि माळव्यापासून काठेवाडापर्यंतचे घोडे येत. घरंच्या घरं बैलगाड्यांतून मुक्कामाला उतरत. मग पहिल्या सकाळी बिऱ्हाड निवडायचा सोहळा सुरू होई. पुरुष आले की कुडावर बोटांची टकटक करत, जणू मडकंच विकत घेताहेत. बाया आधी पाणी किती लांब आहे ते विचारत. म्हाताऱ्या आत येऊन एक मोठा श्वास घेत आणि नुसत्या वासावरून मला पास नाहीतर नापास करून टाकत.

त्या वर्षी कळसाडीचा भाईदास आला. चांगला खातापिता गुजर शेतकरी. बरोबर त्याची आई सरलाबाई, बायको जसोदा आणि जसोदाच्या कडेवर तान्हा मुलगा. सरलाबाईसमोर जसोदाचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"धरमशाळा बरी," भाईदास म्हणाला. "पक्की शे, दारले कडी शे."

सासूसमोर सून नवऱ्याशी थेट कशी बोलणार? जसोदा कडेवरच्या पोराशी बोलली. "काय रे भाऊ, तठे साऱ्यासन्या चुली एकच जागी पेटतस. धूरमा तुले खोकला येस ना? मंग सांग तुन्हा बापले."

पोरगा पायाचा अंगठा चोखत होता. भाईदास त्यालाच म्हणाला, "बरं, राहुटी काय वाईट शे रे?"

"राहुटीमा दव गयस, भाऊ. तुन्हं गोधडं ओलं व्हई जाई."

नातवाकडे बघून सरलाबाईला हसू आलं. "तुन्हा आंडोर भलता शहाना शे रे भाईदास. बोलता येत नई, पन समदं समजस त्याले!"

असं सगळं ठरत असताना जसोदा माझ्या पूर्वेच्या ताटीपाशी सरकली, पदर जरासा वर केला आणि कामट्यांच्या फटीला डोळा लावला. समोर घोड्यांना चालवून दाखवायचं मैदान होतं. तिचा श्वास माझ्या कुडाला लागला आणि मला कळलं की या बाईला खोकल्याचं नि दवाचं काही पडलेलं नाही.

हळूहळू मला सगळं उमगलं. जसोदाचं माहेर लोणखेडा. तिथे एका शिंगराची आई मेली, तेव्हा याच पोरीनं त्या शिंगराला वाटीनं गाईचं दूध पाजून जगवलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. लग्न झालं, चांदणी मागे राहिली. मूल झालं तसं माहेरी जाणंही लांबलं. आणि यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी ओसरीवर पुरुषांच्या बोलण्यात तिच्या कानावर पडलं, की लोणखेड्याची ती ठिपक्याची घोडी यंदा विकायला आणताहेत. घोडेबाजारात घरच्या सुनांनी पाऊल टाकायचं नाही, अशी रीत होती. आणि घोडीसाठी अमुक ठिकाणी उतरूया, असं तोंड उघडून कुठली सून म्हणेल? लोकांनी हसून तिला वेड्यात काढलं असतं. एकदा चांदणी दिसली म्हणजे झालं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिनं मला निवडलं. धर्मशाळेच्या खिडक्या मागच्या भिंतीवर उघडत, राहुटीला तर डोळेच नसतात. मी एकटी पाहणारी. सांगा, का फुगू नये मी?

पण थांबा. भाईदास दर्शनाची रांग बघायला गेला आणि सरलाबाईनं बाह्या वर केल्या.

गुजरांच्या बायांची एक सवय. कुठंही उतरोत, शेणमातीचा हात फिरवल्याशिवाय त्यांना ती जागा घर वाटत नाही. जमीन तर सारवतीलच, पण कूड दिसला की तोही लिंपतील.

"उघडा कूडमा चांगलं मानूस ऱ्हास का?" सरलाबाई म्हणाली. "जसोदा, आपला बैलेसनं शेन आन. माती मी कालवस."

दिवाल्या धावत आला. "आई, लिपू नको. ताटी जड व्हई जाई, गाडामा चढाव नई."

"तुन्ही ताटी मी सोता धोईसन देसू, भाऊ. तू काळजी करू नको."

दिवाल्या डोकं खाजवत गेला. आणि मी? खरं सांगते, आधी मी हरखून गेले. यात्रेतल्या भाड्याच्या खोपीला कोण लिंपतं हो? आजवर लोक माझ्यात झोपले, जेवले, खरकटं टाकून गेले. पहिल्यांदाच कुणीतरी मला घर समजत होतं. मग माझं लक्ष हातांकडे गेलं. लिंपणारे हात जसोदाचे होते. सासू माती कालवून देत होती आणि सून आपल्याच हातानं आपली फट बुजवत होती. नाही म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती.

उत्तरेची ताटी झाली, पश्चिमेची झाली, दाराकडची झाली. पूर्वेची तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. तीही खालून वर भरत आली. शेवटी तिच्या डोळ्यासमोरची वीतभर जागा तेवढी उरली. हातात शेणमातीचा गोळा होता. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "हट चांदणी, हट! चाल दाखाड पावनासले!"

आवाज जसोदाच्या भावाचा, दगाचा. तिचा हात जागच्या जागी थांबला.

"का वं, हात काबर थांबना?" सरलाबाईनं विचारलं.

जसोदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आई, बाहेर मन्ही चांदणी शे. तिनी माय मरनी व्हती, मी तिले वाटीघाई दूध पाजं. आज ती इकाई जाई. माले एक डाव देखानी शे. बस, एक डाव."

मला वाटलं, आता झालं. ही म्हातारी गोळा हिसकावणार आणि थापणार. तिनं गोळा हिसकावलाच, पण घमेल्यात टाकला. मग सुनेला कोपरानं बाजूला सारून स्वतःच फटीला डोळा लावला.

"अगं बाई!" ती म्हणाली. "जसोदा, मी इतल्या यात्रा करन्यात, पन घोडा कशा चालस ते काही देखं नव्हतं. धरमशाळामा भाकरी थापी थापी यात्रा सरी जाये." बराच वेळ ती हलेना. जसोदा मागे पाय चोळत उभी. शेवटी म्हातारी सरकली. "देख. कपायवर ठिपका शे तीच ना?"

जसोदानं डोळा लावला. समोर चांदणी रेवाल चाल चालत होती. रेवाल म्हणजे अशी चाल, की स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळू नये. बाजूला पागोटेवाले गिऱ्हाईक उभे होते. एका पोक्त माणसानं मानेनं होकार भरला होता, दगाचा चेहरा खुलला होता.

आणि जसोदाकडून चूक झाली. जिभेनं तिनं टक टक असा आवाज केला, वाटी पुढे करताना करायची तसा. तिला स्वतःलाही कळलं नाही.

चांदणी जागीच थबकली. कान वळले, मान वळली आणि दगाला ओढत ती सरळ माझ्याकडे आली. माझ्या त्या उघड्या वितीवर तिनं नाक टेकलं. गरम फुरफुर माझ्या कामट्यांतून आत गेली. दगा लगाम ओढतोय, घोडी हलेना. लोक हसायला लागले. तो पोक्त माणूस म्हणाला, "घोडी अडेल शे. चाला रे." आणि त्यानं पाठ फिरवली.

चूक आता जसोदाच्या ध्यानात आली. चांगलं घर चालून आलं होतं, ते आता हातचं जाणार. एकदा अडेल म्हणून नाव पडलं की टांग्याला जुंपणाऱ्याशिवाय कोण घेणार तिला? तिनं दोन बोटं फटीतून बाहेर काढली. शेणमातीनं माखलेली बोटं, आत मनगटात हिरव्या बांगड्यांचा किणकिणाट. चांदणीनं ती चाटली.

"जा, चांदणी," जसोदा म्हणाली. "चांगला घर जा, मन्ही माय. जा."

बोटांनी तिनं ते नाक हळूच मागे ढकललं. चांदणी क्षणभर उभी राहिली, मग वळली. आणि अशी चालली, अशी चालली, की पाठ फिरवलेला माणूस पुन्हा वळला. मैदानावरचं हसणं बंद झालं. दगानं एकदा माझ्या कुडाकडे पाहिलं. त्याला ती बोटं दिसली होती.

दिवस मावळायच्या आत तो गूळ घेऊन बहिणीकडे आला. "त्याच पावनासनी लिधी," म्हणाला. "घरनी सवारीसाठे. टांगाले नई." जसोदानं गूळ पोराच्या तोंडाला लावला आणि पदराआड रडत रडत हसली.

त्या वितीवर सरलाबाईनं लिंपू दिलं नाही. "एवढं ऱ्हाऊ दे," म्हणाली. पुढे दर यात्रेला भाईदासनं विचारायचं, कुठं उतरायचं, आणि सासूसुनेनं एकदम म्हणायचं, खोपीत. मग त्या दोघी पाळीपाळीनं फटीला डोळा लावून बसत, आणि भाकरी तव्यावर करपत. यात्रा संपली की म्हातारी शब्दाला जागून मला धुऊन देई.

पुढे सरलाबाई गेली. दिवाल्या थकला, मला भुंगा लागला, यात्रेत पत्र्याच्या खोल्या आल्या. शेवटच्या वर्षी भाईदासनं पूर्वेची ताटी मागितली. दिवाल्या म्हणाला, "लई जा. ती तुमना घरनीच शे." बाकीच्या तीन ताट्या रूपलीबाईच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं झाल्या. मी पूर्वेच्या ताटीतून बोलतेय, कळसाडीच्या घरातून. मी आता स्वयंपाकघराची एक बाजू आहे. अंगभर शेणमातीचं लिंपण, फक्त मधली एक वीत मोकळी. तिच्यातून गावचा रस्ता आणि ऊस दिसतो.

यंदा भाईदासच्या शेंडेफळ भावाची बायको, जसोदाची धाकटी जाऊ रंजनाबाई, या घरात नवी आली. कामाला वाघीण. दिवाळीच्या तोंडावर जसोदा शेतात गेली तेवढ्यात तिनं सगळं घर लिंपून काढलं आणि माझी वीतही गुळगुळीत करून टाकली. मी आंधळी झाले. तिचा काय दोष? इथल्या बायांचे हातच तसे.

जसोदा आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि बोटांनी ओली माती खरवडायला लागली.

"मन्हं काही चुकनं का, बाई?" रंजना घाबरली.

"नई वं. ये आठे. डोया लाव. काय दिखस?"

"रस्ता. ऊस. एक गाडं ई ऱ्हायनं."

"कोनं गाडं?"

रंजनानं डोळा आणखी जवळ आणला. तिचा श्वास अडकला. माझ्या ओळखीचा होता तो श्वास.

"मन्हा भाऊ!" ती ओरडली. "माले लेवाले उना!" आणि पदर सावरायचंही विसरून ती दारातून धावत सुटली. दिवाळीला माहेरी न्यायला मुराळी आला होता.

जसोदानं ओल्या हातानं माझ्या कडा साफ केल्या. रिकाम्या फटीतून तिनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि सवयीनं तिच्या तोंडून टक टक असा बारीक आवाज निघाला.

बायांनो, खुशाल लिंपा मला. तुमच्या हातच्या लिंपणानंच मी खोपीचं घर झाले, हे मी विसरलेली नाही. माझं मागणं मोठं नाही. तेवढी एक वीत सोडा.