गंगारामाची ती एक गोष्ट

वाडीतल्या रवळनाथापुढे गंगाराम दर सोमवारी गाऱ्हाणं घालायचा, आणि त्या गाऱ्हाण्याच्या शेपटाला एक ओळ अशी होती की ती देवाशिवाय कुणालाच कळत नव्हती. आधी सगळं रीतीप्रमाणे व्हायचं. पाऊसपाणी, गुरंढोरं, होड्या, मुंबईला गेलेले, आखातात गेलेले, सगळ्यांना सांभाळ म्हणून झालं आणि मागे उभा असलेला दत्ताराम प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळा झाला, की गंगाराम जरा थांबायचा. मग आवाज उतरवून म्हणायचा, "आणि म्हाराजा, ती एक गोष्ट. ती माझ्या नावार."

दत्ताराम त्यालाही 'व्हय म्हाराजा' म्हणून टाकायचा. त्याचं काय जात होतं? पण ती एक गोष्ट कोणती, यावर वाडीने पंचवीस वर्षं डोकं खाजवलं. कुणी म्हणे भाऊबंदकीतली भानगड असणार. कुणी म्हणे तरुणपणी गंगाराम तोंडवली गावाच्या बाजूला फार जायचा, तिकडचं काहीतरी. गावाला दुसऱ्याचं पाप हुडकायला दिवा लागत नाही. स्वतः गंगारामाला कुणी विचारलंच, तर तो म्हणे, "देवाक म्हायत आसा. तुका कित्याक व्हया?"

त्याचा मुलगा देवेश याने मात्र कधी विचारलं नाही. देवेश चव्वेचाळीसचा. तेरा वर्षं मालवाहू जहाजांवर काढून तो परत आला होता, कसालला हायवेच्या कडेला टाइल्सचं दुकान टाकलं होतं आणि ओरोसला बिऱ्हाड केलं होतं. देवावर त्याचा विश्वास नव्हता, भांडणही नव्हतं. वर्षातून चार वेळा वाडीत यायचं, नारळ ठेवायचा, बापाच्या हातचा प्रसाद खायचा, एवढंच.

आज मात्र तो ठरवून आला होता. बरोबर बायको दीपिका होती आणि अठरा वर्षांची भक्ती.

भक्तीला बोटीवर जायचं होतं. मासेमारीच्या नव्हे, बापासारखं मोठ्या जहाजावर, अधिकारी होऊन. चेन्नईच्या एका संस्थेत तिची निवड झाली होती आणि पालकाच्या सहीचा कागद उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. तो कागद तीन आठवडे फ्रिजवर पडून होता.

या तीन आठवड्यांत देवेशने काय काय केलं म्हणून सांगावं! कुडाळला एका मार्गदर्शकाकडे लेकीची कलचाचणी करून घेतली; त्याने रंगीत गोल काढून दिले, त्यात समुद्र बसत होता आणि बँकही बसत होती. मोबाइलमधल्या सगळं जाणणाऱ्या पोपटाला विचारलं. त्याने जाण्याचे दहा फायदे सांगितले आणि न जाण्याचेही दहा. मित्रांना विचारलं, ते म्हणाले, तुझी मुलगी, तूच ठरव. आणि ठरवता तर येत नव्हतं. खरं म्हणजे ठरलेलंच होतं, तोंडातून निघत नव्हतं.

कारण देवेशला समुद्र ठाऊक होता. डेकवरून वाहून गेलेला एक पोरगा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. भक्ती जन्मली तेव्हा तो ब्राझीलजवळ होता. सात महिन्यांनी घरी आला, तर लेक त्याला बघून भोकाड पसरून रडली. ते रडणं अजून त्याच्या कानात होतं. ही मुलगी आपल्यापासून लांब, पाण्यावर असावी, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. पण ज्या बापाने स्वतः तेरा वर्षं तेच केलं, त्याने लेकीला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

म्हणून त्याने कौलाची युक्ती काढली. दीपिकाने ती तिथल्या तिथे ओळखली होती. "नाय म्हणूचा आसा तर तुमी म्हणा," ती भांडी लावता लावता म्हणाली होती. "देवाच्या तोंडात कित्याक घालतास?"

भक्ती मात्र सहज तयार झाली. "आजोबांनी कौल लावल्यानी तर माका चलात. डावी पडली तर मी परत नाव काढूचंय नाय." आणि ती दिल्या शब्दाला जागणारी मुलगी होती, हेच देवेशला हवं होतं.

कौल लावायचा मान त्यांच्याच घराण्याकडे. काळ्या पाषाणाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या लाल कळ्या चिकटवायच्या, देवाला प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी म्हणजे देवाची उजवी, समोरच्या माणसाची नव्हे. नवखा माणूस इथे हमखास फसतो.

देवेशचा स्वतःचा कौलही इथेच लागला होता, एकोणिसाव्या वर्षी. त्याची आई जानकी तेव्हा हटून बसली होती. तिच्या पाठच्या भावाला समुद्राने नेलं होतं; आता मुलगा देणार नाही, म्हणाली. शेवटी गंगाराम एकटा गाभाऱ्यात गेला, बराच वेळ आत राहिला आणि बाहेर येऊन एकच शब्द बोलला, "उजवी." जानकीने डोळे पुसले आणि घरी जाऊन मुलासाठी कुळथाचं पीठ दळायला घेतलं. देवाच्या शब्दापुढे ती कधी गेली नाही. पाच वर्षांपूर्वी ती वारली.

आज गंगाराम उंबऱ्याशी थांबला आणि देवेशकडे वळला. "तू माझ्यावांगडा आत ये. माका आता बारीक दिसणा नाय. एका डोळ्याचा ऑपरेशन झाला, दुसऱ्याचा रवला. खयची पडली ती तू सांग."

"मी?"

"मगे कोण? माझ्यामागे ह्या तुकाच करूचा आसा."

देवेश शर्ट काढून, पाय धुऊन आत गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गाभारा म्हणजे जेमतेम दोन माणसांची जागा; समईचा उजेड, तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास. जाड चिऱ्याच्या भिंतींतून समुद्र अगदी बारीक ऐकू येत होता. बापाचे हात मात्र अंधारात आपली वाट जाणत होते. त्यांनी कळ्या पाण्यात बुडवल्या, एक या खांद्यावर, एक त्या खांद्यावर लावली, अंगठ्याने हलकेच दाबली.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा," गंगारामाने सुरू केलं. "आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा. बोटीर जावचा म्हणता. तुझो हुकूम आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी. पण जा काय देशीत, ता सरळ दी."

"व्हय म्हाराजा," बाहेरून दत्ताराम म्हणाला.

मग काहीच झालं नाही. देवेशला वाटलं होतं, दोन मिनिटांत उरकेल. पण कळ्या होत्या तिथे राहिल्या. मूर्तीवरून पाण्याचा एक थेंब ओघळला आणि थांबला. बाप डोळे मिटून उभा होता, एखाद्या मोठ्या माणसाच्या दारात आत बोलावण्याची वाट बघत उभं राहावं तसा. त्याला घाई नव्हती. देवेशच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून धरला आहे. जहाजाच्या ब्रिजवर, सुकाणूपाशी, चारी बाजूंना नुसतं पाणी असताना, पहाटेच्या पाळीला त्याला कधी कधी असं वाटायचं, की कुणीतरी आहे आणि ते आपल्याकडे बघतंय. ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

डावी कळी हलली. आधी देठाकडून सुटली, क्षणभर लटकली आणि पडली. आवाज झाला नाही.

देवेशच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने मागितलं तेच मिळालं होतं, आणि त्याने तर तोंडाने मागितलंही नव्हतं. मनातलं काळंबेरं त्या दगडाने वाचलं होतं आणि त्याच्यापुढे टाकलं होतं, घे म्हणून. आजवर न मानलेल्या देवासमोर तो उघडा उभा होता, आणि देव आहे याची त्याला जराही शंका उरली नव्हती.

त्याने दाराकडे बघितलं. भक्ती सभामंडपात हात जोडून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले, अनवाणी पाय एकमेकांना चिकटवलेले. शाळेच्या पहिल्या दिवशी ती प्रार्थनेला अशीच उभी राहिली होती. 'डावी' म्हटलं की ती मान हलवील, घरी येईल, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरील आणि आयुष्यात परत समुद्राचं नाव काढणार नाही. नकार देवाचा, असंच ती समजेल. बाप सुटला.

किती सोपं होतं! खरंच तर सांगायचं होतं. आणि त्याच क्षणी, आपला नकार देवाच्या तोंडात घालणाऱ्या स्वतःची देवेशला अशी लाज वाटली, जशी जन्मात कधी वाटली नव्हती. विश्वास बसला तो याच घटकेला, आणि याच घटकेला त्याला देवाच्या तोंडावर खोटं बोलायचं होतं.

"खयची?" गंगारामाने विचारलं.

"उजवी."

बापाने डोळे उघडले. "देवाची उजवी?"

नवखा माणूस फसतो. बाप त्याला परत फिरायला वाट ठेवत होता.

"देवाची," देवेश म्हणाला.

गंगाराम पुढे झाला. त्याने हात उचलला आणि बोटं मूर्तीच्या उजव्या खांद्यावर ठेवली. कळी तिथेच होती. मग तीच बोटं हळूहळू डाव्या खांद्यावर गेली. तिथे नुसता ओला दगड. बोटं त्या मोकळ्या जागेवर थांबली. आता बाप ओरडेल, बाहेर जाऊन खरं सांगेल, कौलाचा मान काढून घेईल. काहीही करील, आणि त्याने ते करायलाच हवं, असं देवेशला वाटत होतं.

गंगारामाने उजवी कळी हलकेच काढून हातात घेतली. उंबऱ्याशी येऊन म्हणाला, "उजवी. देवान उजवी दिल्यान. जा गो बाय माझे."

भक्ती मटकन पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवलं. दीपिका नवऱ्याकडे बघत राहिली.

कौल झाला की शेवटचं गाऱ्हाणं घालायचं असतं. गंगाराम पुन्हा मूर्तीकडे वळला. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराक दिशा दाखव. दर्यात आसात थंय त्येच्या वांगडा रव."

"व्हय म्हाराजा."

"चुकलामाकला पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

गंगाराम थांबला. सवयीप्रमाणे आवाज उतरवला. "आणि म्हाराजा, त्यो दोन गोष्टी. त्यो माझ्या नावार."

दत्ताराम 'व्हय' म्हणता म्हणता थबकला. पंचवीस वर्षं एक होती; आता दोन कशा?

देवेशला मात्र कळलं. पंचवीस वर्षांपूर्वी या गाभाऱ्यात बाप एकटा होता, आणि पडली होती ती डावी. देवेशच्या आईला बापाने खोटं सांगितलं, गावाला खोटं सांगितलं, ते मुलाला जायचं होतं म्हणून. देवेशसारख्या आजवर न मानणाऱ्याने खोटं बोलणं एक वेळ ठीक, त्यात कसलं धाडस? पण हा माणूस देवाला घरातल्या वडीलमाणसासारखा मानणारा. देव बघतो, देव जाब विचारतो, हे त्याला सूर्य उगवतो इतकं पक्कं ठाऊक. त्याने त्या देवाचा शब्द फिरवला आणि मग पळाला नाही. दर सोमवारी त्याच्यासमोर उभा राहून म्हणत आला, शिक्षा मला दे, पोराला नको. त्या गोष्टीची क्षमा त्याने एकदाही मागितली नाही. देवेश जहाजावर असताना, वादळात, दुखण्यात, फोन न लागलेल्या महिन्यांत, प्रत्येक सोमवारी. तेरा वर्षं आपण आपल्याच हिमतीवर तरलो, असं देवेश मानत आला होता.

त्याने बापाच्या पाठीकडे बघितलं. वाकलेली, घामाने ओली, पंचाहत्तर वर्षांची पाठ. समोरच्या पाषाणाइतकीच ती त्याला मोठी वाटली. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही.

ती पाठ आता दुसरी गोष्टही उचलत होती, न विचारता.

"म्हाराजा," देवेश म्हणाला. गाऱ्हाणं त्याने जन्मात घातलं नव्हतं. "एकच बाबांच्या नावार. दुसरी माझ्या."

भक्तीने ओंजळीतून तोंड वर काढलं. गंगारामाने मागे वळून पाहिलं नाही.

"व्हय म्हाराजा," दत्ताराम म्हणाला, या वेळी सावकाश, प्रत्येक अक्षर उच्चारून.

मग गंगाराम जागेवरच थोडा बाजूला सरकला, एक माणूस शेजारी उभा राहील इतका. देवेश तिथे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात जोडले. बापाने समईची वात पुढे सारली आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता दर सोमवारी येवचा लागतला."

"येतंय," देवेश म्हणाला.